नावापुढचा आकडा

पदोन्नतीचे प्रस्ताव निघाले, की आमच्या ग्रंथालयाच्या दारात एरवी न दिसणारे चेहरे दिसू लागतात. शस्त्रक्रिया आटोपून हिरव्या कपड्यांतच आलेले सर्जन, ओपीडी संपवून घाईघाईने आलेल्या बालरोगतज्ज्ञ, न्यायवैद्यक विभागातले सर; प्रत्येकाच्या हातात आपल्या शोधनिबंधांच्या झेरॉक्स प्रतींची फाइल असते आणि मागणी एकच असते : "मॅडम, तेवढं सायटेशनचं काढून द्या." मग मी संगणकावर त्यांचे नाव शोधते, निबंध मोजते, त्या निबंधांचा इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा संदर्भ दिला ते मोजते, एच-इंडेक्स लिहिते, नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर (मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळाले, तो आकडा) लिहिते आणि खाली सही करून शिक्का मारते. एका माणसाची वीस-पंचवीस वर्षांची मेहनत त्या कागदावर चार आकड्यांत बसवलेली असते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सत्तावीस वर्षे काम करते आहे आणि असे कागद मी शेकड्यांनी केले आहेत. सुरुवातीची बरीच वर्षे मला हे काम निव्वळ हिशेबाचे वाटे. बेरीज बरोबर आली, की आपली जबाबदारी संपली, अशी माझी समजूत होती. आता तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते एकदा नीट मांडावे, असे बरेच दिवस मनात होते.

सायटेशनची मोजदाद मी पहिल्यांदा पाहिली ती छापील रूपात. प्रशिक्षणाच्या काळात पुण्यातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे जाडजूड खंड एका स्वतंत्र कपाटात ओळीने लावलेले होते. कागद इतका पातळ, की मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटलेली दिसत. टाइप इतका बारीक, की टेबलावर भिंग ठेवलेले असे. खंड उघडायचा, ज्याच्या निबंधाचा माग काढायचा त्या लेखकाचे आडनाव शोधायचे, त्याखाली निबंधाचे साल, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, खंड आणि पान सापडे. आणि त्याच्याही खाली, किंचित आत सरकवून, त्या वर्षात ज्यांनी ज्यांनी त्या निबंधाचा संदर्भ दिला त्यांची नावे. एरवी आपण एखादा निबंध वाचतो तेव्हा त्याच्या संदर्भसूचीवरून मागे मागे जातो. इथे मात्र निबंधापासून पुढे जाता येत होते. आपल्या जन्मानंतर तो कुणाकुणाच्या घरी गेला ते दिसत होते. त्या दुपारी मी एकाच निबंधाचा माग काढत तीन वर्षांचे खंड पालथे घातले होते, आणि संध्याकाळी ग्रंथालय बंद व्हायची घंटा झाली तेव्हा कुठे उठले होते.

ही कल्पना युजीन गारफील्ड या अमेरिकन माणसाची. अमेरिकेतल्या वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून एक सूची असे, जिच्यावरून एखादा जुना न्यायनिवाडा पुढच्या कोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला आणि कोणत्या खटल्यांत तो फिरवला गेला, हे कळे. तीच रीत विज्ञानाला लावावी, असे गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडले आणि पुढे फिलाडेल्फियातल्या आपल्या संस्थेतून १९६४ साली ही सूची प्रत्यक्षात आणली. तिचा मूळ हेतू लक्षात ठेवण्यासारखा आहे. एखाद्या चुकीच्या निबंधावर कुणी आंधळेपणाने इमारत उभी करू नये, त्याच्यावर नंतर कुणी आक्षेप घेतला आहे का ते चटकन सापडावे, ही निकड त्यामागे होती. म्हणजे ही सूची शोध घेण्यासाठी होती. माणसांना गुण देण्याचे काम तिच्याकडे मागाहून आले. १९७५ पासून नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागले, आणि २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला : एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले असतील, पण अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा मिळाले नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स दहा. हिशेब इतका सुटसुटीत, की तो जगभरच्या निवड समित्यांनी उचलून धरला. पण याच हिशेबाने, जन्मभरात एकच निबंध लिहिणाऱ्या आणि त्या एका निबंधाला हजार संदर्भ मिळवणाऱ्या माणसाचा एच-इंडेक्स एक भरतो.

सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध कोणता असेल, असा प्रश्न मी नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना विचारते तेव्हा बहुतेक जण डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचे, नाही तर पेनिसिलिनचे नाव घेतात. खरे उत्तर त्यांच्या पहिल्या वर्षाच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत असते. परीक्षानळीतल्या द्रावणात तांब्याचा क्षार आणि फोलिन अभिकर्मक घातले, की निळा रंग येतो आणि तो रंग जितका गडद तितके प्रथिन जास्त. प्रथिने मोजण्याची ही रीत ओलिव्हर लॉरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५१ साली 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'मध्ये प्रसिद्ध केली. 'नेचर' या नियतकालिकाने २०१४ साली केलेल्या पाहणीत या निबंधाचे संदर्भ तीन लाखांवर गेले होते. दुसऱ्या क्रमांकावर लेम्ली यांची १९७० ची आणि तिसऱ्यावर ब्रॅडफर्ड यांची १९७६ ची पद्धत होती. एक प्रथिने वेगळी करण्याची, दुसरी पुन्हा मोजण्याचीच. वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध पहिल्या शंभरांतही नव्हता. आपला निबंध काही थोर नव्हे, इतर रीतींपेक्षा ही जराशी सोपी आणि संवेदनशील निघाली इतकेच, असे लॉरी स्वतः म्हणत. प्रयोगशाळेत प्रथिन मोजल्याशिवाय ज्यांचे पान हलत नाही अशी माणसे जगात लाखोंनी आहेत, आणि प्रत्येक जण आपली पद्धत सांगताना तिचा संदर्भ देतो. त्या छापील खंडांत लॉरींच्या नावाखालच्या ओळी स्तंभामागून स्तंभ भरून वाहत, हे मी भिंगाखाली पाहिलेले आहे.

त्याच पाहणीतले एक चित्र माझ्या मनात घर करून राहिले. त्यांच्या नोंदीतल्या सगळ्या निबंधांचे फक्त पहिले पान छापून एकावर एक रचले, तर ती चळत किलिमांजारो पर्वताच्या माथ्याजवळ पोचेल. हजार किंवा अधिक संदर्भ मिळालेले निबंध तिच्या सर्वांत वरच्या दीड मीटरमध्ये असतील. आणि जवळजवळ निम्मा डोंगर अशा लेखनाचा असेल, ज्याचा एकदाच संदर्भ दिला गेला किंवा एकदाही दिला गेला नाही. माझ्याकडे फाइल घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम या खालच्या निम्म्या डोंगरातले असते. त्यातले सगळेच मोलाचे असते असे मी म्हणणार नाही. पदोन्नतीसाठी उरकलेले, एकाचे तीन केलेले, पैसे भरून कुठल्याशा नियतकालिकात छापून आणलेले निबंध मी भरपूर पाहिले आहेत आणि ते पाहून मला मनापासून वाईट वाटते. पण त्या निम्म्या डोंगरात काय काय दडले आहे हे आकड्यावरून कळत नाही, इतके मात्र मी खात्रीने सांगू शकते.

विषयाविषयांतला फरकच किती मोठा आहे ते पाहा. कर्करोगावर किंवा प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगभर हजारोंनी आहेत; त्यांचे निबंध भराभर येतात, त्यांच्या संदर्भसूच्या लांबलचक असतात आणि आज लिहिलेल्या निबंधाचा उल्लेख सहा महिन्यांत होऊ लागतो. शरीररचनाशास्त्रात लिहिणारे थोडे, वाचणारे थोडे. पण तिथला एखादा निबंध चाळीस वर्षांनीही उपयोगी पडतो. कुष्ठरोगात औषधोपचारानंतर रोग उलटतो का हे पाहायलाच कित्येक वर्षे जावी लागतात, आणि इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी मात्र दोन वर्षांची असते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या एका नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर जगात सर्वांत वरच्या आकड्यांत असतो, याचे मुख्य कारण म्हणजे त्यात दरवर्षी कर्करोगाची आकडेवारी येते आणि कर्करोगावरच्या निबंधाचे पहिले वाक्य लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण तिचा संदर्भ देतो. तेव्हा एखाद्याचा आकडा हाती आला, की तो किती मोठ्या सभागृहात बोलत होता, हे मी आता आधी पाहते. त्याने काय सांगितले, हा प्रश्न त्यानंतरचा आणि त्याचे उत्तर आकड्यात नसते.

नावांचा घोळ हा या कामातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे, आणि त्याविषयी बाहेर फारसे कुणी बोलत नाही. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे. सूची बनवणाऱ्यांनी ठरवले, की शेवटचा शब्द आडनाव आणि बाकीच्यांची आद्याक्षरे. त्यामुळे 'कुलकर्णी एस.' या एका नावाखाली भूलतज्ज्ञ, दंतवैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कुठल्या तरी परदेशी विद्यापीठातला संगणकतज्ज्ञ असे सगळे एकत्र येऊन बसतात, आणि 'पाटील ए.' तर विचारूच नये. पुरुषांच्या बाबतीत हा घोळ गर्दीचा असतो. बायकांच्या बाबतीत तो तुकड्यांचा असतो.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एक प्राध्यापिका एकदा माझ्याकडे आल्या. त्यांच्या नावाने शोध घेतला तेव्हा आकडा अगदीच लहान निघाला. त्यांनी तो पाहिला आणि काहीच बोलल्या नाहीत. फाइल घेऊन उठू लागल्या. सहज म्हणून मी विचारले, "लग्नाआधीचं काही आहे का?" त्या थांबल्या. एमडी करत असताना क्षयाच्या जंतूंवर त्यांनी काम केले होते, त्याचे पाच निबंध माहेरच्या आडनावाने होते. आणि सासरी त्यांचे नावही बदलले होते. मी ते जुने नाव टाइप केले. पडद्यावर दुसरीच एक बाई उभी राहिली : पाच वर्षे सातत्याने लिहिणारी, बाहेरच्या देशांतल्या क्षयतज्ज्ञांनीही जिचा संदर्भ दिला अशी, आणि मग एका विशिष्ट सालानंतर एकाएकी नाहीशी झालेली. त्यानंतर दोन वर्षे काहीच नाही, आणि मग ही नव्या नावाची बाई शून्यापासून सुरू होते. आधीच्या एका निवडीत त्यांना याच कारणाने कमी गुण पडले होते, आणि ते कमी का पडले हे त्यांना त्या दिवसापर्यंत कुणी सांगितले नव्हते. दोन्ही नोंदी एक करण्यासाठी मी अर्ज भरला, राजपत्राची प्रत जोडून कार्यालयाला वेगळे पत्र दिले, आणि काही आठवड्यांनी पडद्यावरच्या त्या दोघी एक झाल्या. २०१२ पासून संशोधकांना जन्मभर टिकणारा एक ओळखक्रमांक मिळू लागला आहे, तो प्रत्येक विद्यार्थिनीने पहिल्या निबंधाआधीच घ्यावा, म्हणून मी आता दरवर्षी नव्या तुकडीला सांगते. माझा स्वतःचा ग्रंथालयशास्त्राचा प्रबंधही माहेरच्या नावानेच आहे, म्हणून कदाचित मला हा प्रश्न इतका जवळचा वाटत असेल.

संदर्भ न मिळणे म्हणजे काम हलके असणे नव्हे, हे मला शंभुनाथ डे यांच्या निबंधाने शिकवले. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात ओळखला आणि तो विष सोडत असावा असा तर्क केला. पण ते विष कुणाला दाखवता येत नव्हते. कोलकात्यातच डे यांनी सशाचे आतडे दोन ठिकाणी बांधून मधल्या वेढ्यात, ज्यात जंतू वाढवले होते ते, पण गाळून जंतुविरहित केलेले द्रावण सोडले, आणि तो वेढा पाण्याने टम्म फुगला. १९५९ साली 'नेचर'मध्ये आलेला हा निबंध जेमतेम दोन पानांचा आहे. त्याच साली मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर काम करून पटकीच्या विषाची भूमिका दाखवणारा निबंध 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त प्रसिद्ध केला. रक्तात शिरणाऱ्या विषाऐवजी शरीरातले पाणी आतड्यात खेचून घेणाऱ्या विषाकडे पाहायला लावणारी ही दोन कामे एकाच वर्षात, याच देशात झाली. डे यांच्या निबंधाकडे बरीच वर्षे फारसे कुणी वळले नाही. ते १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ साली पटकीवरच्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणे आले. नोबेलविजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले. आणि १९८५ साली ते गेले. त्यानंतरच्या वर्षी पटकीच्या संशोधनाचा नकाशा संदर्भांवरून मांडून, या सगळ्याच्या मुळाशी कोलकात्याचा हा माणूस आहे असे ठामपणे लिहिणारे गृहस्थ होते युजीन गारफील्ड. ज्यांनी मोजणी सुरू केली त्यांनीच त्या मोजणीतून एका दुर्लक्षित माणसाला वर काढले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी बेरीज केली आणि तिथे थांबले नाहीत, निबंध वाचले.

परळचाच आणखी एक निबंध मला हातात धरून पाहायला मिळाला आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचा १९५२ चा बांधीव खंड आमच्याकडे आहे. कापडी पुठ्ठ्याचा, कडेला वाळवीने थोडासा कुरतडलेला. त्याच्या ९०३ व्या पानावर डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांचा इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह लिहिलेला एक छोटा निबंध आहे. एबीओ रक्तगटांपैकी कुठल्याच गटात न बसणारे रक्त मुंबईत आढळले होते. ओ गटाच्या रक्तातही जो एच नावाचा मूळ घटक असतो, तोच या माणसांच्या रक्तात नव्हता. त्यामुळे ज्या ओ गटाला आपण सर्वांचा दाता म्हणतो, त्याचे रक्तही त्यांना चालत नव्हते. हाच तो बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. आज जगातल्या कुठल्याही रक्तपेढीत 'बॉम्बे' हा शब्द उच्चारला, की तंत्रज्ञाला पुढचे काही सांगावे लागत नाही. त्यासाठी १९५२ च्या त्या पानाचा संदर्भ कुणी देत नाही. देण्याची गरजच उरलेली नाही. एखादे ज्ञान सर्वांचे झाले, की त्याच्या मुळाशी असलेला निबंध संदर्भसूचीतून गळून पडतो, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी सांगून ठेवले आहे. वॉटसन-क्रिक यांचा निबंध पहिल्या शंभरांत नसण्याचे कारणही हेच. आमच्या कर्मचाऱ्यांच्या गटावर अधूनमधून रात्री-अपरात्री निरोप येतो : "बॉम्बे ब्लड ग्रुपचा दाता तातडीने हवा." तो निरोप पुढे पाठवताना दर वेळी मला डॉ. भेंडे यांचे ते पान आठवते.

काही कामांचा परिणाम तर निबंधांच्या जगात उमटतच नाही, तो दुसरीकडेच उमटतो. डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण रात्र रात्र बसून पाहत आणि टिपत होते. घाम, उलट्या, गार पडणारे हातपाय, मग फुप्फुसात पाणी. त्या टिपणांवरून धोक्याची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना दिले आणि मृत्यू झपाट्याने घटले. विंचूदंशावर जगात लिहिणारेच थोडे, त्यामुळे संदर्भांचा आकडा हृदयरोगाच्या एखाद्या मध्यम निबंधाइतकाही फुगणे कठीण. पण महाडच्या आसपासच्या गावांत त्या निबंधाचे वाचक ज्यांना म्हणावे, ती माणसे जिवंत आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी दाखवले, की तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. या निबंधाला संदर्भही उदंड मिळाले, पण २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी जाऊन वजन करू लागल्या, ही नोंद कुठल्या सूचीत करायची?

उलटही घडते. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता आणि २०१० साली तो मागे घेतला गेला. त्याला मिळालेले संदर्भ मात्र भरपूर आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य त्याला खोडून काढणारे आहेत. यंत्राच्या लेखी मान आणि फटकारा दोन्ही सारखेच, एकेक.

असे असूनही आकडे टाकूनच द्यावेत, असे मला वाटत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा बढती बरीचशी सेवाज्येष्ठतेवर आणि वरच्यांच्या मर्जीवर होत असे. जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या माणसाला "माझ्या कामाची दखल बाहेर घेतली गेली आहे" हे कागदावर दाखवता येणे, ही त्या काळात मोठी गोष्ट होती, आणि आकड्यांनी ते बळ खरोखरच दिले. पण मग सगळा भार त्यांच्यावरच पडू लागला. २०१५ साली वैद्यक परिषदेने पदोन्नतीसाठी मूळ संशोधनाचे निबंध मोजायचे आणि तेही पहिल्या दोन लेखकांनाच धरायचे ठरवले, तेव्हा लेखकांच्या क्रमावरून मित्रांमित्रांत पडलेले अंतर मी याच टेबलावर पाहिले आहे.

ज्या प्रसंगाने माझा शिक्का मला जड झाला, तो न्यायवैद्यक विभागातल्या एका सरांचा. जिल्ह्यातल्या विषबाधेच्या मृत्यूंची बारा-तेरा वर्षांची नोंद त्यांनी स्वतः ठेवली होती : कुठले कीटकनाशक, कुठल्या महिन्यात, रुग्ण किती तासांनी पोचला, वाटेत काय उपचार झाले. त्यावरचा त्यांचा निबंध एका भारतीय नियतकालिकात आला होता, आणि त्यातला एक तक्ता अपघात विभागाच्या भिंतीवर आजही चिकटवलेला आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण रात्रपाळीचा डॉक्टर तो पाहूनच औषधाचा क्रम ठरवतो. सरांचा एच-इंडेक्स चार भरला. त्यांच्यासमोरच्या तरुण उमेदवाराचे नाव जागतिक रोगभाराच्या एका निबंधात होते, ज्याला शेकडो लेखक असतात आणि ज्याचे सगळेच्या सगळे संदर्भ प्रत्येक लेखकाच्या खात्यावर जमा होतात. त्या तरुणाचा यात काही दोष नव्हता. त्यानेही आपला वाटा प्रामाणिकपणे उचललेला होता. पण समितीपुढे दोन कागद गेले, दोन्हींवर माझी सही होती, दोन्ही आकडे बरोबर होते, आणि निर्णय दोन मिनिटांत झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

संशोधकाचे मोल नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरवू नये, काम वाचून ठरवावे, असा जाहीरनामा सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ साली जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी काढला होता. २०१५ साली 'लायडन जाहीरनामा' लिहिणाऱ्या अभ्यासकांनीही तेच अधिक तपशिलाने सांगितले. हे दोन्ही मसुदे मी तेव्हाच वाचले होते, फाइलला लावले होते, आणि माझा कागद मात्र पूर्वीसारखाच करत राहिले होते. सरांच्या प्रकरणानंतर मी त्याला दुसरे पान जोडू लागले. नमुन्यात त्याला जागा नाही, म्हणून ते 'इतर माहिती' म्हणून जाते. त्यावर संशोधकाचे दोन किंवा तीनच निबंध असतात; प्रत्येकाखाली चार ओळी, त्यात काय शोधले आणि ते कुणी, कुठे वापरले, याच्या. कुणी विषय बदलला असेल, नाव बदलले असेल, मधली वर्षे बाळंतपणात किंवा ग्रामीण सेवेत गेली असतील, तर तेही तिथे लिहिते. यासाठी मला निबंध वाचावे लागतात, लेखकांना बोलावून विचारावे लागते, कधी वॉर्डात जाऊन खात्री करून घ्यावी लागते. एका कागदाला अर्धा तास लागायचा, तिथे आता दोन दिवस जातात. ते पान कुणी वाचते की नाही, हे बराच काळ मला कळत नव्हते.

मागच्या हिवाळ्यात सरांचा प्रस्ताव पुन्हा गेला. आठवड्याभराने दुपारी ग्रंथालयातला फोन वाजला. समितीतले एक बाहेरगावचे सदस्य बोलत होते. "दुसऱ्या पानावर तुम्ही विषबाधेच्या एका तक्त्याचा उल्लेख केला आहे," ते म्हणाले, "तो मूळ निबंध मिळेल का? मला वाचायचा आहे." तो अंक आमच्या तळघरातल्या साठ्यात होता. मी शिपायाला न पाठवता स्वतः खाली गेले, धूळ झटकून तो वर आणला आणि त्याची सगळी अकरा पाने, तक्त्याच्या पानावर दोनदा प्रकाश जुळवून, स्कॅन करून त्यांना पाठवली.